पूतनेची गती

भागवतातल्या पूतनेला आईची गती मिळाली, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि तेव्हापासून ते माझ्या घशाखाली उतरत नाही. माझे वडील कीर्तनकार. गोकुळाष्टमीच्या सप्ताहात त्यांचं पूतनेचं आख्यान ठरलेलं. स्तनांना विष माखून, नटूनथटून आलेली बाई तान्ह्या कृष्णाला मांडीवर घेते, इथवर आलं की वडील झांज थांबवून विचारायचे, "यशोदा आणि रोहिणी तिथंच होत्या ना? मग अडवलं का नाही कुणी?" श्रोते गप्प. मग तेच सांगायचे की तिचं रूप आणि तिची माया बघून त्या दोघी दिपून गेल्या. दशम स्कंधाच्या सहाव्या अध्यायात खरंच तसं आहे. तिला म्यानातल्या तलवारीची उपमा दिली आहे, आणि दोघी आया नुसत्या बघत उभ्या राहिल्या असं म्हटलं आहे.

पुढे मी नर्स झाले आणि नोकरीचा बराचसा काळ मुलांच्या वॉर्डात गेला, शेवटी इनचार्ज म्हणून. माया बघून दिपणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

मुलगा चारेक वर्षांचा होता. ताप उतरत नाही म्हणून तालुक्याहून आमच्याकडे पाठवलेला. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, मलेरियाची स्लाइड, सगळं नॉर्मल. ताप-नाडीच्या टीपीआर चार्टवर मात्र रोज संध्याकाळी १०३, १०४. आई म्हणजे वॉर्डातली आदर्श आई. शेजारच्या कॉटवरच्या बाळाला चमच्याने पाणी पाजायची, नव्याने आलेल्या बायकांना औषधांची खिडकी दाखवायची, राउंडला पदर सावरून सरांना सगळं तारीखवार सांगायची. औषधांची नावं तिला पाठ. सासू डबा घेऊन यायची, नवरा कामावरून सुटला की एसटीने यायचा, आणि दोघंही तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. सासू मला म्हणाली होती, "आमच्या सूनबाईनं डोळ्याला डोळा लावला नाही हो."

एका संध्याकाळी चार्ट लिहिताना माझं लक्ष नाडीकडे गेलं. ताप १०४ आणि नाडी ९६. चार वर्षांच्या मुलाची नाडी एरवीच शंभराच्या आसपास असते. ताप एक डिग्री चढला की ती दहाएक ठोक्यांनी वाढते, म्हणजे इथं दीडशेच्या घरात हवी. टायफॉइडला नाडी मागे राहते हे खरं, म्हणून तर त्याची विडाल तपासणी दोनदा झाली होती. मी कपाळाला हात लावला तर गार. पोरगं सलाइनच्या रिकाम्या बाटलीची गाडी करून खेळत होतं. थर्मामीटर झटकला, पुन्हा काखेत लावला आणि या वेळी त्याचा हात धरून तिथंच बसले. एरवी थर्मामीटर लावून आम्ही पुढच्या कॉटकडे जातो, तेवढा वेळ आई बघते. या वेळी पारा ९८ वर थांबला. कॉटखाली चहाचा थर्मास होता.

तिने माझ्या हातातल्या चार्टकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "सिस्टर, लिहिणार का?"

सरांनी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावून घेतलं. संध्याकाळी त्यांनी डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पोराला घरी नेलं. तोवर त्या पोराला किती सुया टोचल्या होत्या! पाठीतलं पाणीसुद्धा काढून झालं होतं. त्यातलं एकही काम आईने केलेलं नव्हतं. सगळं आम्ही केलं होतं, स्वच्छ हातांनी आणि चांगल्या मनाने. या प्रकरणातली क्रूर गोष्ट हीच आहे. बाई फक्त खोटं बोलते, पोराला इजा दवाखाना करतो.

डॉक्टरी पुस्तकात याला नाव आहे. १९५१ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरने स्वतःचेच खोटे आजार घेऊन इस्पितळं पालथी घालणाऱ्यांना मुंखाउझेन या थापाड्या जर्मन सरदाराचं नाव दिलं. १९७७ मध्ये लीड्सच्या रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञाने 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की काही आया हेच आपल्या मुलांवर करतात. त्या लेखातली एक मुलगी सहा वर्षांची. तिच्या लघवीत सारखं रक्त आणि जंतू सापडायचे, तपासण्यांवर तपासण्या चाललेल्या. मग एका आठवड्यात तिच्या लघवीचे ५७ नमुने घेतले गेले. नर्सने स्वतः उभं राहून घेतलेले ४५ स्वच्छ होते. आईने घेतलेले किंवा तिच्याजवळ राहिलेले १२ खराब. पंधरा महिन्यांचा दुसरा एक मुलगा तर अंगात मीठ वाढून दगावला. मेडोचं नाव गाजलं, पण ४५ वेळा बाटली हातात धरून उभ्या राहिलेल्या नर्सेसचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. अशा आया फार गोड आणि सहकार्य करणाऱ्या असतात, हेही मेडोने त्यात नोंदवलं होतं.

पुढे इंग्लंडमध्येच डेव्हिड साउथॉल यांनी संशय असलेल्या ३९ मुलांच्या खोल्यांत लपवलेले कॅमेरे लावले. ३३ मुलांच्या बाबतीत छळ चित्रित झाला, त्यातही बहुतेक ठिकाणी तोंडनाक दाबून श्वास कोंडणं. कर्मचारी आत आले की त्याच हातांत माया यायची. ते पेपर वाचताना मला यशोदा आणि रोहिणी आठवल्या. प्रेक्षक असेल तेव्हाच वात्सल्य, हे भागवतकारांना कॅमेऱ्याशिवाय दिसलं होतं.

मग का करतात? पैशासाठी नाही. तसं असेल तर ती साधी फसवणूक, तिला पोलीस पुरेसे आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत अट आहे की बाहेरचा उघड फायदा नसतानाही फसवणूक चालू असली पाहिजे. आणि हे निदान आईच्या नावावर लिहायचं, मुलाच्या नव्हे. मूल तिथं छळाचा बळी. २०१७ मध्ये ७९६ प्रकरणं एकत्र करून केलेला एक अभ्यास छापून आला. त्यात जवळजवळ सगळ्या बाया, ९५ टक्क्यांहून अधिक मुलाच्या आयाच, आणि सुमारे ४५ टक्के आरोग्यसेवेशी संबंधित कामातल्या. म्हणजे आमच्यातल्या.

हा आकडा वाचून मला फारसा धक्का बसला नाही. "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून पोरगं वाचलं," हे वाक्य किती गोड लागतं ते मला विचारा. ड्यूटी संपली तरी घरी जावंसं वाटायचं नाही असे दिवस होते, आणि त्यात सगळीच सेवाबुद्धी होती असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पोरगं बरं होऊन गेलं की आनंद व्हायचाच, पण आनंदाच्या तळाशी एक रिकामपण असायचं. आता आपली गरज नाही. बहुतेक जणी त्या रिकामपणावर घरी जाऊन भाकऱ्या थापतात. एखादीला ते सहन होत नाही. तिच्या घरात तिला याआधी कुणी "जेवलीस का?" म्हणून विचारलेलं नसतं, आणि पोर आजारी पडल्यावर पहिल्यांदा विचारतात. आपल्याकडे बाईचं आईपण तिच्या जागरणांवर मोजतात. निरोगी पोराच्या आईला कोण विचारतं? मी हे समर्थन म्हणून सांगत नाही. त्याच घरांत, तशाच उपेक्षेत वाढलेल्या हजारो बाया थर्मामीटर चहात बुडवत नाहीत.

वेडी की वाईट, हा प्रश्न कोर्टाला सोडवावा लागतो. न्यूयॉर्क राज्यात लेसी स्पिअर्स नावाच्या बाईने पाच वर्षांच्या मुलाला पोटातल्या नळीतून मीठ दिलं. तो २०१४ मध्ये गेला. ती त्याच्या आजारपणाची हकिगत इंटरनेटवर लिहीत असे आणि लोक तिच्यासाठी प्रार्थना करत असत. न्यायाधीशांनी तिला किमान २० वर्षांची जन्मठेप दिली. २५ देता येत होती, पण तिच्या मनाच्या आजाराचा विचार केला. मला तो निकाल समजतो, तरी वेडेपणाचा मुद्दा पुरता पटत नाही. माझ्या वॉर्डातल्या बाईला पोराला ताप नाही हे पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती मी पाठ फिरवेपर्यंत थांबायची. सत्य माहीत असल्याशिवाय इतकं सफाईने खोटं बोलता येत नाही.

इथं मला गीतेचा सतरावा अध्याय कामाला येतो. वेडी की वाईट असं तिथं विचारलेलंच नाही. तप कशासाठी केलं एवढंच विचारलं आहे. सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेलं तप राजस. हट्टाने देह पिळून, किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेलं तप तामस. ध्यानात घ्या, ते तप नव्हेच असं गीता म्हणत नाही. त्या बाईची जागरणं खरी होती. स्टुलावर बसून तिची पाठ खरोखर धरली होती, उपासतापास खरे होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही तिने रंगवली नव्हती. आम्ही फसलो ते यामुळे. आपण ढोंग ओळखायला जातो आणि समोर खरे कष्ट दिसतात. मानासाठी सुरू झालेलं तप दुसऱ्याच्या नाशापर्यंत कसं घसरत जातं, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मान टिकवायला पोराचा आजार टिकला पाहिजे, एवढीच ती पायरी असते.

निवृत्तीनंतर लेकीकडे पुण्याला आले आणि तिथं पालीच्या वर्गाला जाऊ लागले. (जावई हसतो. हसू दे.) तिथं बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग'ची ओळख झाली, तीही आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेल्या देवनागरी प्रतीतून. त्यात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चारही भावनांचे दोन-दोन शत्रू सांगितले आहेत. एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तो कुणालाही ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र करुणेसारखाच दिसतो, तिच्या शेजारीच राहतो. तो म्हणजे संसारातलं दुःख, आपल्याला हवं ते मिळालं नाही याची खंत. ते वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. आई पोराच्या उशाशी बसून रडते, ते रडणं पोरासाठी की तिला न मिळालेल्या सगळ्यासाठी, हे बाहेरून कळायचा मार्ग नाही. कदाचित तिलाही कळत नसेल. बुद्धघोषाने हे दोन शत्रू वेगळे मांडले. या बायांच्या बाबतीत जवळचा शत्रूच दूरच्याला हात धरून घरात आणतो, असं मला वाटतं.

मुदिता तर त्याहून अवघड. दुसऱ्याचं बरं झालेलं बघून आनंद होणं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याची खरी परीक्षा आजारात होतच नाही, ती डिस्चार्जच्या दिवशी होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर प्रत्येक रडणाऱ्या आईच्या थर्मासकडे संशयाने बघणाऱ्या नर्सेस तयार व्हायच्या. ज्या मेडोने हा प्रकार जगाला दाखवला, त्याच मेडोच्या साक्षीने पुढे अनर्थ झाला. सॅली क्लार्क या वकील बाईची दोन तान्ही मुलं एकामागोमाग गेली. सधन, सिगारेट न ओढणाऱ्या घरात असं दोनदा आपोआप घडण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं मेडोने कोर्टात सांगितलं. गणित चुकीचं होतं, कारण एकाच घरातले दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली, २००३ मध्ये ती निर्दोष सुटली आणि २००७ मध्ये गेली. तृप्ती पटेल या बाईवर तीन बाळांच्या खुनाचा खटला भरला गेला. तेव्हा तिची वयोवृद्ध आजी भारतातून इंग्लंडला गेली आणि आपलीही पाच मुलं तान्हेपणीच गेली होती, असं तिने कोर्टाला सांगितलं. जूरीने तृप्तीला निर्दोष सोडलं. पाच मुलं पुरलेली म्हातारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की माझ्यातली शहाणी इनचार्ज सिस्टर गप्प होते. संशय हा नाडी मोजण्यासारखा आपल्या हाताने, पुन्हा पुन्हा, समोर बसून तपासायचा असतो. शक्यतांच्या आकड्यांवर कुणाला पूतना ठरवता येत नाही.

गंमत म्हणजे आपल्या वैद्यांकडे पूतना ही राक्षसी असण्याबरोबरच आजारही होती. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांत पूतना, अंधपूतना आणि शीतपूतना अशा तिघी आहेत. मूल रात्री झोपत नाही, जुलाब होतात, उलट्या होतात, सारखी तहान लागते. आणि हे ग्रह मुलाला का धरतात, याच्या कारणांत आई आणि दाई यांचं वागणं सुश्रुताने नोंदवलं आहे. जुलाब, उलट्या, तहान म्हटलं की मला ते मीठ दिलेलं पोर आठवतं. सुश्रुताच्या मनात तसं काही होतं असा माझा दावा नाही.

आता त्या गतीकडे येते. मारायला आलेली, पण स्तन दिला म्हणून आईची गती मिळालेली. तिसऱ्या स्कंधात उद्धव म्हणतो की इतका दयाळू दुसरा कोण, ज्याला शरण जावं? वडील इथं डोळे पुसायचे. मला राग यायचा. पोराच्या तोंडात विष घालणारीला नुसत्या सोंगाबद्दल बक्षीस?

वडील गेल्यावर मी तो अध्याय स्वतः, टीकेसकट, ओळीने वाचला, तेव्हा त्यातला क्रम दिसला. कीर्तनात तो क्रम हरवतो, कारण बुवाला दयेपर्यंत लवकर पोचायचं असतं. भागवतात आधी पोर तिचे प्राण ओढून घेतं, तेव्हा तिचं खरं रूप बाहेर पडतं. मग गोपी धावत जाऊन पोराला तिच्या छातीवरून उचलतात. मग गाईची शेपटी ओवाळणं, गोमूत्राने न्हाऊ घालणं, अंगावर रक्षा लावणं, एकेका अवयवाला देवाचं नाव घेऊन न्यास करणं, हे चांगलं दहाबारा श्लोक चालतं. मग यशोदा त्याला अंगावर पाजते आणि निजवते. त्यानंतर नंद येतो, गोकुळातले लोक ते प्रचंड धूड तोडून जाळतात, धुराला अगरूचा वास येतो. आणि एवढं सगळं झाल्यावर गतीचा श्लोक येतो. तोवर पोर दुसऱ्या मांडीवर सुखरूप झोपलेलं आहे. तिच्यावर दया करायची म्हणून पोर पुन्हा तिच्या ओटीत घालावं, असं भागवत कुठंच सुचवत नाही.

दुसरी गोष्ट, ती गती दिली कुणी? पोरानेच. नंदाने नाही, यशोदेने नाही, गोकुळाच्या पंचांनी तर नाहीच. अमेरिकेत डीडी ब्लँचार्डने मुलगी जिप्सी रोझ हिला वर्षानुवर्षं चाकाच्या खुर्चीत बसवलं, डोकं भादरलं, पोटात नळी घालायला लावली, वय कमी सांगितलं. चालता येणारी मुलगी होती ती. कतरिना वादळानंतर लोकांनी त्या दोघींना मिझुरीत घर बांधून दिलं. २०१५ मध्ये जिप्सीने मित्राकरवी आईचा खून करवला. तिला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि २०२३ च्या डिसेंबरात ती सुटली. आई आजारी होती, असं मरण तिच्या वाट्याला यायला नको होतं, तिची जागा तुरुंगात होती, अशा अर्थाचं ती तेव्हा बोलली. टीव्हीवर बसून डीडीला राक्षसी म्हणणाऱ्यांना किंवा बिचारी म्हणणाऱ्यांना हे बोलायचा अधिकार नाही. तो त्या मुलीचाच.

वडील असते तर म्हणाले असते की पोरगी कृष्ण थोडीच आहे, तिच्याकडून कसली अपेक्षा? बरोबर आहे. तिने क्षमा केलीच पाहिजे असंही कुणी म्हणू नये. पण माझा राग जो होता, तो देवाने पूतनेला माफ केलं याचा नव्हता. पोराच्या वतीने श्रोते माफ करून मोकळे होतात याचा होता, आणि तो अजून आहे.

त्या वॉर्डातल्या बाईचं मात्र माझ्या डोक्यात वेगळ्या खणात राहिलं आहे. डामाच्या फॉर्मवर रुग्ण म्हणून पोराचं नाव होतं, खाली पालक म्हणून तिची सही. आमच्या पद्धतीत आईच्या नावाचा केसपेपर निघण्याची सोयच नव्हती. मुलांच्या वॉर्डात आई ही सोबतीची, तिला पास मिळतो, स्टूल मिळतं. शेजारच्या इमारतीत मानसोपचाराची ओपीडी होती, सकाळी नऊ ते एक. सरांनी तिला तिकडे जायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मला काय झालंय? आजारी तर हा आहे." नवऱ्याने मान डोलावली.

हल्ली नर्सिंगच्या मुली कधीमधी भेटायला येतात. त्यांना मी सांगते, थर्मामीटर लावल्यावर हलू नका, आणि सापडलं तर आरडाओरडा न करता आधी पोराला तिच्या हातून काढून घ्या, लिहून ठेवा, सरांना बोलवा. मग एकीने तिच्यापाशी बसा. एकीने तरी. त्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चाळीस कॉटला आम्ही दोघी असतो."

मला उत्तर देता आलं नाही. चाळीसला दोघी म्हणजे खरंच कोण बसणार?